शाळू उपटलेलं रान

१९७१ च्या फेब्रुवारीत, पुणतांब्याजवळच्या गोदाकाठच्या एका गावाच्या शिवारात, भर दुपारी, सावळाराम कुंभार याला गोफणींनी मारण्यात आलं. वय अंदाजे तीस. मारणारे पाच घरांतले होते. नगरच्या एका दैनिकात तिसऱ्या दिवशी चार ओळी छापून आल्या: पाखरे राखताना गोफणीचे गोळे चुकून लागल्याने एकाचा मृत्यू. त्या चार ओळी मी लिहिल्या होत्या.

यंदा भोरड्या जरा उशिरा आल्या. नगरच्या सावेडीत मी राहतो, तिथे आता शेत उरलेलं नाही. तरीही संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांचा थवा गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांवरून जातो. गुलाबी अंगाचा, काळ्या डोक्याचा हा पक्षी थंडीत येतो आणि शाळू निघून गेला की जातो. थवा वळतो तेव्हा आवाज येतो, कोणी ओलं धोतर झटकावं तसा. मग एक क्षण काहीच ऐकू येत नाही. त्या क्षणाची मी दरवर्षी वाट पाहतो आणि तो आला की खाली उतरतो.

शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. कणसात दाणा भरला की पाखरं उतरतात आणि रान राखावं लागतं. चार बल्ल्यांवर माळा बांधतात. त्यावर राखणदार उभा राहतो, अंबाडीच्या दोरीची गोफण डोक्याभोवती फिरवतो आणि एक टोक सोडून देतो. दोरीचा फटका बंदुकीसारखा वाजतो. त्याच्याबरोबर हाळी द्यायची असते, लांब, चढत जाणारी, "हाऽ हाऽ हो". पाखरू हाळीने उठतं आणि गोळ्याने पळतं. गोदाकाठच्या काळ्या रानात दगड मिळत नाही, म्हणून तिथे गोफणीत मातीचे गोळे घालत. बाया ते वळून उन्हात वाळवायच्या.

हे सगळं मला नंतर कळलं. १९७१ मध्ये मी चोवीस वर्षांचा होतो, नगर शहरात वाढलेला, आणि उभी ज्वारी व कडबा यांतला फरक मला दुरून सांगता आला नसता.

सावळाराम गावाबाहेर, नदीच्या वाटेवर राहायचा. आईबाप नव्हते. एक झोपडी, एक चाक, एक गाढव आणि मागे आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी. तो डोक्यावर पदर घेत नसे, लुगडं नेसत नसे. धोतर आणि बंडी घालायचा. पण हळदीला बायांच्यात बसून गाणी म्हणायचा, जात्यावर ओव्या त्याच्याकडून मागून घेत आणि बाया त्याला "सावळे" म्हणून हाक मारत. पुरुष त्याला दुसऱ्या नावांनी हाक मारत. तो दोन्ही हाकांना ओ द्यायचा.

किसन पाथर्डीकडचा. ऊसतोडीच्या टोळीबरोबर आला होता. टोळी परत गेली आणि तो राहिला. तो दोन-तीन शेतांची पाखरं राखायचा, मोबदल्यात धान्य घ्यायचा आणि सावळारामच्या झोपडीत राहायचा. असे तीन हंगाम गेले. गावाला ते माहीत होतं. गाव त्यावर हसायचं, आणि जोवर हसत होतं तोवर काही झालं नाही.

भाजलेले गोळे किसनमुळे सुरू झाले. हे किसननेच मला सांगितलं, दोन वर्षांनंतर, आणि सांगताना तो पहिल्यांदा हसला. पहिल्या हंगामात पहाटेच्या दवाने त्याचे गोळे फुटायचे. गोफण सुटली की नुसती माती उडायची. खालून गाढव घेऊन जाणारा सावळाराम थांबला.

"पावनं, तुमची गोफन धूळ फेकती," तो म्हणाला.

"मंग तू दे की चांगले करून."

"देतो. फुकट न्हाई."

"काय घेशील?"

"रोज मी हितनं जाताना एक हाळी. माझ्यासाठी. पाखरासाठी न्हाई."

सावळारामने गोळे वळले, आव्यात माठांच्या मधल्या फटींत ठेवले आणि भाजून दिले. वीटकरी रंगाचे, लिंबाएवढे. दवाने ते फुटेनात. एक गोळा हंगामभर पुरायचा. मग बाकीच्या घरांनीही मागितले. पण फेकलेला गोळा शेजारच्या रानात पडतो आणि शाळू निघाल्यावर गोळे वेचताना बायांची भांडणं लागायला लागली. म्हणून सावळारामने ओल्या मातीवर घरागणिक खूण करायला सुरुवात केली. एका घराला नखाची एक रेघ, दुसऱ्याला दोन. तिसऱ्याला फुली. चौथ्याला जोंधळ्याच्या दाण्याचा ठसा. पाचव्याला काडीचं भोक. किसनच्या गोळ्यांवर फक्त अंगठा दाबलेला असे.

संक्रांतीला कुंभाराकडून सुगडं लागतात. छोटी मातीची मडकी. त्यात हरभरा, बोरं, गाजर, उसाचं कांडं घालून बाया देवळात एकमेकींना वाण देतात. नवऱ्याला आयुष्य मागायचा तो वसा आहे. सावळाराम दरवर्षी जादाची सुगडं पाटीत घेऊन देवळाच्या पायरीशी बसायचा, कोणाचं फुटलं तर द्यायला. १९७१ च्या संक्रांतीला जे झालं ते मला तिथे हजर असलेल्या एका बाईने सांगितलं. पाच घरांपैकी एका घराची ती सून. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तसं तिने सांगितलं होतं.

"सावळे, औंदा सुगडं तिरपी का गं? चाकावर ध्यान न्हाई व्हय तुझं?" एकीने सुरुवात केली.

"तिचं ध्यान माळ्यावर असतं," दुसरी म्हणाली.

"अगं बया! माळ्यावर काय हाय?"

"राखनदार हाय की."

हशा झाला. सावळारामही हसला. "तुमी तुमची ज्वारी राखा," तो म्हणाला. "राखनदार राखायला मी हाय."

"मंग वान घ्यायला ये की अशी म्होरं! नाव घेतल्याबिगर न्हाई मिळायचं पन. घे नाव."

"घे की गं सावळे. लाजती काय?"

त्याने पाटीतलं एक सुगड घेतलं. हात धोतराला पुसले. कोणीतरी चेष्टेने दिलेला हरभरा आणि बोर त्यात नीट भरलं, पायरी चढून वर आला आणि म्हणाला:

"सुगडात भरला हरभरा, वर ठेवलं बोर,
किसनचं नाव घेतो सगळ्यांच्या समोर."

पहिल्या ओळीला हशा झाला. दुसऱ्या ओळीला झाला नाही. सावळाराम चेष्टेच्या आवाजात बोलला नव्हता. त्याने सुगड देवापुढे ठेवलं, नमस्कार केला आणि पाटी तिथेच सोडून निघून गेला.

"आमीच घ्यायला लावलं नाव," ती सून मला म्हणाली. "त्यानं घेतलं."

पुढच्या महिनाभरात काय बोललं गेलं याची माझ्याकडे तुकड्यातुकड्यांची माहिती आहे. पाच घरांतली जाणती माणसं एकदा झोपडीवर गेली आणि किसनला घालवून दे म्हणाली. सावळाराम चाकावर होता. चाक न थांबवता तो म्हणाला, "का म्हनून घालवू? शिरल्यालं कुत्रं हाय का त्यो?" एकाने चाकावरचा ओला माठ लाथेने उडवला. सावळारामने ती माती गोळा करून पुन्हा चाकावर ठेवली. यापलीकडे काही कळलं नाही.

घटनेच्या दिवशी सावळाराम सकाळी गाढव घेऊन नदीकाठी माती आणायला गेला. आदल्या दिवशी त्याने आवा पेटवून लिंपला होता. दीडच्या सुमारास तो आडवाटेने परत येत होता. ती वाट एका शेतातून जाते. किसन अर्ध्या मैलावर, उशिरा पेरलेल्या रानात माळ्यावर होता. तिकडून त्याला गोफणींचे फटके ऐकू आले. एक, मग दोन, मग एकदम पुष्कळ. त्याला वाटलं, थवा मोठा असेल. मग त्याच्या लक्षात आलं की हाळी नाही. फटके वाजत होते आणि माणसाचा एकही आवाज येत नव्हता. आभाळात पाखरूही उठलेलं नव्हतं.

तो माळ्यावरून उतरून धावत निघाला. वाटेत त्याला गाढव भेटलं. पाठीवर दोन्ही बाजूंना ओली माती, आणि बरोबर कोणी नाही. ते त्याच्या अंगावरून, नेहमीच्या चालीने, घराकडे गेलं.

मी दुसऱ्या दिवशी पुणतांब्याला एका सोसायटीच्या सभेसाठी गेलो होतो. स्टँडवरच्या हॉटेलात कोणीतरी म्हणालं, पलीकडच्या गावात गोफण लागून माणूस मेला. सायकल भाड्याने घेऊन मी गेलो. पाऊण तासाची वाट होती. पोलीस पाटील लिंबाखाली बसले होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी चहा मागवला आणि मला शेत दाखवायला स्वतः आले.

"भोरड्या लई आल्यात औंदा," ते म्हणाले. "चारी बाजूनं गोफनी चालू. ह्यो मधीच वाकून बसल्याला. कुनाला दिसतोय?"

"कोणाची गोफण लागली?"

"आता ते कसं सांगायचं, पावनं? गोळ्यावर काय नाव लिवल्यालं असतं?"

"किती लागले?"

"मोजीत बसलंय कोन! लिवा तुमी, अपघात. गरीब मानूस हुता. एकटाच हुता."

शेतात कडब्याच्या पेंढ्या रचून ठेवलेल्या होत्या. मी वहीत लिहिलं: ज्वारीचं शेत. जमिनीवर एका ठिकाणी माती काळी झाली होती. तिच्यावर कोणीतरी राख टाकली होती. पंचनाम्यात मातीचे गोळे, नग एकोणीस, अशी नोंद होती. ते पोत्यात बांधून ठाण्यावर पाठवण्यासाठी पाटलांच्या ओट्यावर ठेवलेले होते. मी पोत्यात हात घालून चार-पाच पाहिले. त्यांवर खुणा होत्या. एक रेघ, फुली, भोक. मी त्या वहीत काढून घेतल्या आणि खाली लिहिलं: नक्षी.

परत जाताना झोपडी लागली. मागचा आवा अजून बंदच होता. मी त्याच्या लिंपणावर हात ठेवला. आतून ऊब येत होती. माणूस मरून एक दिवस झाला होता, आणि त्याने लावलेला विस्तव आत होता. दारात मातीचा ढीग उतरवलेला होता, वर ओलं फडकं. एक माणूस त्यावर ओंजळीने पाणी शिंपडत होता. त्याने वर पाहिलं नाही. मी विचारलंही नाही. पाटील म्हणाले होते, मयत एकटाच होता.

त्या काळी तालुक्याची बातमी एसटीच्या ड्रायव्हरकडे पाकिटात देत. नगरची गाडी सव्वाचारला सुटायची. चार वाजता तो माणूस स्टँडवर आला. धावत आलेला होता, पायात वहाणा नव्हत्या.

"तुमीच व्हय पेपरवाले? मी किसन. त्याच्यासंगं राहत हुतो मी."

"बोला."

"तुमी रान बघितलं का, साहेब?"

"बघितलं."

"काय हुतं रानात?"

"ज्वारी."

"कडबा हुता, साहेब. आठ दिस झालं शाळू उपटून. कनसं खुडून खळ्यावर गेली. दाना न्हाई त्या रानात. भोरडी येती कशाला तिथं, माती खायला? मोकळ्या रानावर गोफन चालवतंय का कोन?"

मी घड्याळात पाहिलं.

"गोळ्यांवरच्या खुना बघा. पाची घरांच्या हायेत. कुंभाराच्या हातच्या खुना हायेत त्या, मला समद्या पाठ हायेत. मारला त्याला. मारला असं लिवा."

"दुसरं कोणी सांगेल असं?"

"कोन सांगनार?"

आमच्या वृत्तसंपादकांचा एक नियम होता. आरोप असेल तर दोन स्वतंत्र माणसांचा दुजोरा. एका बाजूला पोलीस पाटील आणि पंचनामा होता. दुसऱ्या बाजूला एक माणूस होता, ज्याचं मयताशी नातं काय ते मला लिहिता आलं नसतं. ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी पाकीट त्याच्या हातात दिलं. नियमाप्रमाणे ते बरोबर होतं.

किसन गाडी वळून जाईपर्यंत उभा राहिला. मग म्हणाला, "नाव तरी लिवलं का त्याचं?"

"लिहिलं."

"बरं केलं," तो म्हणाला आणि आला त्या वाटेने गेला.

आठ दिवसांनी मी त्याच वाटेने दुसऱ्या कामासाठी गेलो. उशिराची रानं अजून उभी होती. भोरड्या आल्या होत्या. एका शेतात इतक्या उतरल्या होत्या की कणसं गुलाबी दिसत होती. दाणा फोडल्याचा बारीक आवाज सगळीकडून येत होता, गारांच्या आधी पत्र्यावर पडतात तशा थेंबांसारखा. माळ्यांवर माणसं होती. गोफणी त्यांच्या मांडीवर होत्या. कोणी उठवत नव्हतं, कोणी हाळी देत नव्हतं. एका माळ्यावर माणसाच्या दोन्ही बाजूंना बल्लीवर पाखरं बसली होती आणि तो समोर पाहत होता. मला वाटलं, गाव दुखवट्यात आहे. वहीत मी तसं लिहिलंही.

त्याच वाटेवर झोपडीतून थापीचा आवाज येत होता. कुंभार ओलं मडकं लाकडी थापीने ठोकून घडवतो तो आवाज, एकसारखा, थप थप थप. वाटेवरच्या दोन बायांनी तो ऐकून पदर तोंडावर घेतला आणि पावलं उचलली. गावात तेव्हा म्हणत होते की सावळी दुपारची मडकी घडवते. मी आत डोकावलो. चाक थांबलेलं होतं. किसन भिंतीला टेकून बसला होता आणि थापीने जमिनीवर ठोकत होता.

पुढे मी चोवीस वर्षं डेस्कवर काढली. जिल्ह्यातून येणाऱ्या बातम्या लहान करायच्या, हे काम. काही बातम्यांत एक ठरावीक वाक्य असे. मयत अविवाहित होता. मयत एकटीच राहत असे. मृत्यूचे कारण समजू शकले नाही. विहिरीत पाय घसरून. रुळ ओलांडताना. दोन मैत्रिणींचे मृतदेह, कारण घरगुती. ज्या बातमीत मेलेल्या माणसाचं कोणीच नसे, ती मी दोनदा वाचायला लागलो. वार्ताहराला फोन करून विचारायचो, बरोबर कोण राहत होतं? बहुतेक वेळा उत्तर यायचं, "तसं कुणी नाही, साहेब." दुजोरा मिळत नसे. बातमी तशीच जात असे.

त्याआधीचा, १९७३ चा उन्हाळा. दुष्काळाच्या बातम्यांसाठी मी पुन्हा त्या भागात फिरत होतो. कॅनॉलला पाणी नव्हतं. पाच घरांची एक सामाईक विहीर होती, ती तळापर्यंत आटली होती आणि तिचा गाळ काढायचं काम चाललं होतं. पुरुष खाली, बाया पायऱ्यांवर ओळीने, पाट्या हातोहात वर येत होत्या. सकाळचे अकरा वाजले होते. मी वर उभा राहून खोली विचारून घेत होतो.

एका बाईने पाटी उलटी केली आणि ती तशीच थांबली. काळ्या गाळातून वीटकरी गोळे घरंगळले. लिंबाएवढे. पुढच्या पाटीत आणखी निघाले. मग प्रत्येक पाटीत. खालून कुदळीचा आवाज थांबला. विहिरीतले पुरुष वर पाहत होते, वरच्या बाया खाली पाहत होत्या, आणि मधल्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्यांच्या हातात पाट्या होत्या. त्या त्यांनी ना वर दिल्या ना खाली ठेवल्या.

कोणी किसनला सांगितलं ते मला माहीत नाही. तो आला आणि गाळाच्या ढिगाजवळ उकिडवा बसला. एक गोळा उचलायचा, उपरण्याला पुसायचा, अंगठा फिरवून खूण पाहायची आणि बाजूला ठेवायचा.

"काय करतो रं, किसना?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"येचतोय."

"काय येचतो?"

"तुमचंच हाय, आबा. ज्याचं त्याला येगळं करतो."

दुपारपर्यंत त्याने पाच ढीग केले. एक रेघ. दोन रेघा. फुली. दाणा. भोक. बायांनी काम पुन्हा सुरू केलं होतं. त्या पाट्या आणून त्याच्यासमोर ओतत होत्या आणि त्याच्याकडे न पाहता परत जात होत्या. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "घिऊन जा आपापलं." कोणी पुढे आलं नाही. अंगठ्याचा ठसा असलेला एकही गोळा निघाला नव्हता.

त्या सुनेने माझ्याशी बोलायला बाभळीची सावली निवडली, जिथून विहीर दिसत नव्हती.

"किसना गावभर सांगत सुटला हुता, खुनांवरनं वळखा म्हनून," ती म्हणाली. "मोठा फौजदार येनार अशी खबर आली. तवा आमच्या मामंजींनी पाची घरचं गोळं गोळा केलं, आन् टाका हिरीत म्हनलं. मातीच हाय, चार दिसात इरघळून जाईल. त्यांच्या तरनेपनी बाया गोळं उनात वाळवायच्या. सावळी भाजून देती ते त्यांच्या ध्यानातच आलं न्हाई."

"तुमच्या ध्यानात होतं?"

ती म्हणाली, "टाकलं मीच. पाटी भरून. त्या सालात मंग गोफनी रिकाम्याच."

"आणि त्या दिवशी शेतात तुमच्या घरचं कोण होतं?"

"दोघं हुती. दीर आन् मालक. जेवन अर्ध्यावर टाकून गेली, गोफनी घिऊन. मी इचारलं, आता कसली पाखरं? कोन बोललं न्हाई." तिने पदराने तोंड पुसलं. "माझं नाव नका लिवू."

हा दुसरा दुजोरा होता. दोन वर्षं आणि तीन महिने उशिरा.

मी सविस्तर बातमी लिहिली. शेत मोकळं होतं, हाळी नव्हती, खुणा पाच घरांच्या होत्या, गोळे विहिरीत निघाले. या वेळी एसटीने न पाठवता स्वतः नगरला घेऊन गेलो. वृत्तसंपादकांनी ती उभ्यानेच वाचली.

"पहिली बातमी आपणच छापली आहे," ते म्हणाले.

"हो. ती चुकली होती."

"ही सांगणारी बाई कोण?"

"नाव द्यायचं नाही म्हणते."

"आणि हा किसन? मयताचा कोण?"

मी 'मित्र' लिहिलं होतं. त्यांनी पेन काढून तो शब्द खोडला आणि वर 'मजूर' लिहिलं. थोडा वेळ त्या शब्दाकडे पाहिलं. मग सगळा मजकूर तिथून खाली खोडला. दुसऱ्या दिवशी विहिरीची बातमी आली: खोली, गाळ, कामावरील मजूर. कार्बनची प्रत माझ्याकडे आहे. आता ती निळसर झाली आहे आणि उजेडात धरल्याशिवाय वाचता येत नाही.

अंक घेऊन मी किसनकडे गेलो. त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं. वाचून संपल्यावर तो बराच वेळ पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिला.

दारातला मातीचा ढीग तसाच होता, फडक्याखाली. मी बोट लावलं. माती ओली होती. गावात प्यायचं पाणी टँकरने येत होतं आणि ती माती दोन वर्षं ओली होती.

"अंघोळीचं पानी घालतो," तो म्हणाला. "सुकली तर दगड हुईल. मंग चाकावर चढत न्हाई."

"तुम्हाला चाक येतं?"

"न्हाई."

त्या दिवशी त्याने आवा उघडला. मी होतो म्हणून की त्याने ठरवलंच होतं, सांगता येणार नाही. लिंपण कुदळीने फोडलं. आतून थंड, कोरडा वास आला. राखेत माठ होते, उन्हाळ्यासाठी केलेले, बावीस. एकालाही तडा नव्हता. मधल्या फटींत गोळे होते. सगळ्यांवर अंगठा.

त्यांतला एक त्याने माझ्या हातात ठेवला. "दुसऱ्याच्या रानात पडला तरी वळखू येतो," तो म्हणाला.

माठ त्याने डोक्यावरून, एक एक करत, विहिरीच्या कामावर नेले आणि बाभळीखाली ओळीने मांडले. टँकरवाल्याने ते भरले. पहिल्या दिवशी कोणी त्यांतलं पाणी प्यालं नाही. दुसऱ्या दिवशी ते दोनदा भरावे लागले. पाच ढीग पाऊस येईपर्यंत विहिरीच्या काठावर होते. पहिल्या मोठ्या पाण्यात ते वाहिले नाहीत, नुसते धुऊन निघाले. नंतर त्यांवर गवत आलं.

१९७३ च्या दिवाळीनंतर किसन ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला. परत आला नाही. पाथर्डीकडे मी दोनदा चौकशी केली. त्या नावाचे तिघे भेटले, त्यांतला तो कोणी नव्हता.

गोळा माझ्या टेबलावर आहे. त्यावरच्या ठशात माझा अंगठा बसत नाही. तो ठसा लहान आहे.

गेल्या वर्षी मी अर्ज करून १९७१ च्या त्या नोंदीची आणि पंचनाम्याची नक्कल मागितली. उत्तर आलं की मुदत संपलेली कागदपत्रं नियमाप्रमाणे नष्ट केली आहेत. मग मी ग्रंथालयात जाऊन आमच्या दैनिकाची त्या वर्षीची बांधीव फाईल काढली. पान चार, तिसरा स्तंभ, सर्वांत खाली. चार ओळी आहेत. त्यांत सावळारामचं नाव आहे. किसनचं नाही.